अर्क हायेस तू

मी मुळातच आगाऊ. कुणी न सांगता कुणाचं तरी भलं करायला जाते आणि मग निस्तरत बसते. लहानपणी आई ओरडायची, "तुला कुणी विचारलं होतं का गं?" नसायचंच विचारलेलं कुणी. त्या बाटल्यांच्या वेळीही कुणी विचारलं नव्हतं.

तेव्हा मी चऱ्होलीत राहायचे. एका दुमजली घराच्या वरच्या खोलीत आम्ही दोघी. ती मावळातल्या डोंगराखालच्या एका गावची, मी बीडकडची. ती माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी म्हणून मी तिला आक्का म्हणायचे. ती मला "बीडवाले" अशी हाक मारायची, आणि लाडात आली की "बये". चाकणच्या एका कंपनीत गाड्यांच्या वायरी जोडायच्या लाईनवर आम्ही शेजारी शेजारी उभ्या असायचो. दोघी कंत्राटी. सात महिने झाले की "ब्रेक" मिळायचा, म्हणजे घरी बसायचं, आणि त्यांना वाटलं तर ते परत बोलवायचे. असे तिचे किती ब्रेक झाले होते ते तिलाच सांगता यायचं नाही.

तिला एकच गोष्ट हवी होती. पोलीस भरती. "एकतर अंगावर खाकी, न्हाईतर ह्यो निळा शर्ट जलमभर," असं ती म्हणायची आणि कंपनीच्या शर्टाची कॉलर दोन बोटांत धरून दाखवायची. लेखीचा तिला घोर नव्हता, गोळाही ती चांगला फेकायची. आठशे मीटर धावण्यात मात्र तिचे थोडे सेकंद जास्त जायचे. त्यात तिचं वय संपत आलेलं. त्या वर्षीची भरती ही तिची शेवटची होती. मला अजून संधी होत्या. मी खरं तर तिच्या नादानं पळायला लागले होते.

पहिली शिफ्ट असली की संध्याकाळी, दुसरी असली की सकाळी आम्ही पळायचो. चऱ्होलीत तेव्हा एका मोठ्या स्कीमसाठी सिमेंटचा रस्ता केलेला होता, बिल्डिंग अजून उठायच्या होत्या. रस्ता रुंद, गुळगुळीत आणि पुढं थेट ज्वारीच्या शेतात संपणारा. गेटपासून विजेच्या डीपीपर्यंत जाऊन परत आलं की आठशे. ती पुढं, मी मागं. परत आल्यावर ती कमरेवर हात ठेवून वाकायची आणि न बघताच विचारायची, "किती?" मी मोबाईलवरचा आकडा सांगायचे. कधी कधी एखादा सेकंद कमी करून सांगायचे. बघा, तेव्हापासूनच माझी ही खोड.

आमच्यात एक रीत होती. कंपनीच्या बसमध्ये डबा उघडला की आधी अर्धं दुसरीच्या झाकणात. तिची तांदळाची भाकरी, माझी ज्वारीची. तिच्या कालवणातलं अर्धं, माझ्या शेंगदाण्याच्या चटणीतलं अर्धं. "घे" असं म्हणायचं नाही, "घेऊ का" असं तर नाहीच नाही. हात जायचा आणि तोडायचा. लाईनवरच्या बाकीच्या बायका हसायच्या, म्हणायच्या, ह्या दोघींचं लग्न लावून द्या.

भरतीच्या पोरी रविवारी पिंपळे गुरवच्या मैदानावर जमायच्या. तिथं एका रविवारी कॉलेजची एक मुलगी आली, हातात थर्माकोलचा डबा घेऊन. चष्मा, पाठीला सॅक, बोलताना दर वाक्याला "ताई". तिला परीक्षेसाठी एक प्रकल्प करायचा होता. ती म्हणाली, "ताई, तुम्ही इतका अंगमेहनतीचा व्यायाम करता, त्यानं स्नायू दुखतात, सुजतात. एका फळाच्या अर्कानं ते दुखणं कमी होतं का, दम वाढतो का, हे मला बघायचंय. चार आठवडे रोज एक बाटली प्यायची आणि वेळ लिहून ठेवायची."

"कुठल्या फळाचा?" आम्ही विचारलं.

ते ती सांगेना. तिचं म्हणणं, नाव सांगितलं तर तुम्ही चवीवरून ओळखाल. कारण निम्म्या जणींना खरा अर्क मिळणार होता आणि निम्म्या जणींना नुसतं तसल्याच रंगाचं सरबत. कुणाला काय, ते तिच्या वहीत. बाटल्या सारख्या, रंग सारखा जांभळट लाल, फक्त झाकणावर एक ठिपका. माझा पिवळा, आक्काचा हिरवा. आणि नियम एकच, पण तो तिनं तीनदा सांगितला: "चव कशी लागली हे एकमेकींना अजिबात सांगायचं नाही."

"अर्क व्हय?" आक्का हसली. "आमच्याकडं एक अर्क हायेच की आधीपासनं. ही बघा, बीडची. हिचीच बाटली भरा." त्या मुलीला आधी कळलंच नाही. कळल्यावर तीही हसली. मग ते नावच पडून गेलं. मी काही आगाऊपणा केला की आक्का माझा कान धरायची, "अर्क हायेस तू, बये." मला ते इतकं आवडायचं की मी मुद्दाम काहीतरी करायचे.

आठवड्याच्या बाटल्या खाली डेअरीवाल्या चाचांच्या फ्रिजमध्ये ठेवायचो. सकाळी दुधाची पिशवी आणायचं काम माझं, तेव्हाच दोन बाटल्या घेऊन मी वर यायचे. पळून आल्यावर पायरीवर बसून आम्ही त्या प्यायचो.

पहिला आठवडा मला आजही दिवसागणिक आठवतो. आक्का त्या आठवड्यात फार बोलायची. तशी ती कमी बोलणारी, पण तेव्हा काय झालं होतं कोण जाणे, रोज गावाच्या गोष्टी. डोंगरावरच्या जाळ्या, काट्यांनी ओरबाडलेले हात, पानाच्या द्रोणात घातलेली करवंदं. त्यांच्याकडं पोरं एक खेळ खेळायची. करवंद मुठीत धरायचं आणि विचारायचं, "कोंबडा का कोंबडी?" मग करवंद फोडायचं. आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरट निघालं तर कोंबडी. चुकलं की करवंद गेलं. आमच्याकडं बोरं, चिंचा, असलं काही नव्हतं, म्हणून मला ती गंमत वाटायची. थंडीचे दिवस, करवंदं कुठली मिळायला! तर ती बसमध्ये मुठीत शेंगदाणा धरायची. सालीसकट असला तर कोंबडा, सोललेला असला तर कोंबडी. मी प्रत्येक वेळी हरायचे आणि माझेच शेंगदाणे ती खायची.

त्याच आठवड्यात माझी वेळ सुधारली. पाय दुखायचे थांबले. तिची वेळ होती तिथंच. माझी बाटली गोड, दाटसर, घोटाघोटानं प्यावी अशी. ती मात्र तिची बाटली पिताना डोळे बारीक करायची, ओठ मुरडायची. एकदा तिच्या झाकणात उरलेला थेंब मी चाटून बघितला. शी! आंबट, तुरट, घशाला चिकटणारं. मी मनात म्हटलं, झालं, हे खोटं. खरं औषधी काहीतरी असतं ते माझ्या बाटलीतल्यासारखं असतं, गोड, दाट, गुण देणारं. बिचारीला रंगवलेलं पाणी पाजतायत. आणि शेवटची भरती तिची, माझी नाही.

तिला उघड देऊन बघितलं असतं तर तिनं घेतलं नसतं, याची मला खात्री होती. "तुझी तयारी बिघडंल," म्हणाली असती. शिवाय त्या मुलीचा नियम. मी दोन दिवस विचार केला. विचार कसला, मनाशी ठरलेलंच होतं. दुसऱ्या आठवड्याच्या सोमवारी डेअरीतून वर येताना जिन्यात थांबले आणि दोन्ही बाटल्यांची झाकणं अदलाबदल केली. हिरवा ठिपका माझ्या गोड बाटलीवर, पिवळा तिच्या तुरट बाटलीवर. इतकं सोपं होतं ते.

पायरीवर बसून तिनं पहिला घोट घेतला आणि ती थांबली. बाटलीकडं बघितलं, झाकणाकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी नाक दाबून तो तुरट रस गटागटा पीत होते.

"काय झालं आक्का?"

"काय न्हाई," ती म्हणाली. "चव सांगायची न्हाई ना?"

तिनं उरलेलं संपवलं. मला आतून असा आनंद झाला म्हणून सांगू! वाटलं, कळला हिला फरक, आता हिचे पाय हलके होणार. मी स्वतःवर खूश होते. तीन आठवडे रोज सकाळी जिन्यात मी झाकणं बदलली आणि रोज तो घाणेरडा रस प्यायले, आणि प्रत्येक घोटाला मला वाटायचं की मी तिच्यासाठी काहीतरी करतेय.

त्या तीन आठवड्यांत तिनं गावाचं नाव काढलं नाही. शेंगदाण्याचा खेळही बंद झाला. मी विचारलं तर म्हणायची, "डोकं जागेव न्हाई." मी समजले, भरतीचं टेन्शन. दुसरं काय समजणार?

मैदानी चाचणी झाली, लेखी झाली, यादी लागली. माझं नाव होतं. तिचं एका मार्कानं गेलं. एक मार्क, आणि तो पळण्यातला. मोबाईलवर यादी खालीवर करत मी तिचं नाव शोधत राहिले, जणू मी नीट बघितलं तर ते उगवेल. तिनं माझ्या हातातून मोबाईल घेतला, बंद केला आणि म्हणाली, "चहा टाक." माझ्या नावाबद्दल मला रडू येत होतं, आनंदानं नाही, लाजेनं. ती मात्र रडली नाही.

त्याच आठवड्यात तिला कंपनीचा ब्रेक लागला. मी ट्रेनिंगला जायची तयारी करत होते, ती गावाला जायची. पिशवी खांद्याला लावून ती दारात उभी राहिली. मी म्हटलं, "आक्का, तू शिकवलंस म्हणून मी पळाले. हे तुझं आहे." तिनं माझ्याकडं थोडा वेळ बघितलं. मग माझा कान नाही धरला, नुसतीच म्हणाली, "अर्क हायेस तू."

मी हसले. खरंच हसले मी! तिनं मला नेहमीसारखं चिडवलं या आनंदात मी जिन्याच्या खालपर्यंत तिची पिशवी घेऊन गेले.

ट्रेनिंगमध्ये मी तिला फोन करायचे. ती उचलायची. "बोला मॅडम," म्हणायची. आधी वाटलं गंमत करतेय. पण गंमत अशी दर वेळी करत नाहीत. "हां", "बरं", "चाललंय", आणि मग "ठेवू का?" मला वाटायचं, हरल्याचं दुःख आहे, खाकीचं नाव नको असेल, वेळ जाऊ द्यावा. सकाळच्या परेडमध्ये आम्हाला पळवायचे आणि मला पुढं तिची पाठ दिसायची नाही याची सवयच होईना. थांबल्यावर कुणी "किती?" असं विचारायचं नाही. शंभर पोरींमध्ये मी एकटी पडले होते आणि ते मला सांगायलाही कुणी नव्हतं.

मग एक दिवस त्या कॉलेजच्या मुलीचा फोन आला. प्रकल्प जमा झाला होता, आणि शेवटी सगळ्यांना सांगेन असं तिनं कबूल केलं होतं म्हणून ती एकेकीला फोन करत होती. "ताई, तुमचा पिवळा ठिपका ना? तुमच्याकडं साधं सरबत होतं. तुमच्या मैत्रिणीकडं खरा अर्क. करवंदाचा."

"कशाचा?"

"करवंदाचा, ताई. उन्हाळ्यातच डोंगरावरून आणून ठेवली होती आम्ही. सालीसकट, बियांसकट काढलेला अर्क होता, म्हणून जरा तुरट लागायचा."

मी पलंगावर बसले. तिला सगळं खरं सांगितलं, झाकणांचं. पोरगी म्हणाली, "ताई, तुमचे दोघींचे आकडे बाजूला काढते आणि परत बघते. पण एक सांगू का? तसाही काही फरक निघाला नव्हता. ज्यांनी अर्क प्यायला त्या आणि ज्यांनी सरबत प्यायलं त्या, सारख्याच." मला बरं वाटावं म्हणून ती ते सांगत होती. मला काय करायचं होतं तिच्या फरकाचं!

फोन ठेवला आणि एकेक गोष्ट आपोआप जागेवर बसायला लागली. पहिल्या घोटालाच तिनं ओळखलं होतं. तिच्या डोंगरातलं करवंद तिला ओळखू येणार नाही तर कुणाला? म्हणून तो आठवडाभर ती गावात होती, जाळ्यांत होती, मुठीत शेंगदाणे धरत होती. ओठ मुरडायची ते चवीनं. मी ते तिच्या तोंडातून काढलं आणि पंढरपुरी चहासारखं गोड सरबत तिला पाजलं. आणि तिला तर झाकणाची अदलाबदल पहिल्या घोटाला कळली होती. समोर बसून मी तिचा रस गटागटा पीत होते. मग मी भरती झाले आणि ती राहिली. तिच्या बाजूनं बघितलं तर गोष्ट सरळ होती. मी चोरलं होतं.

"अर्क हायेस तू." कान न धरता. आता मला ते जसं म्हटलं होतं तसं ऐकू आलं. रात्री नाही, भर दुपारी, सगळ्या पोरी जेवायला गेलेल्या असताना मी तोंड उशीत घालून रडले.

हे फोनवर सांगायचं नव्हतं. पोस्टिंग पिंपरीला मिळालं आणि पहिल्या साप्ताहिक सुट्टीला मी साध्या कपड्यांत चाकणला गेले. मे महिना. ती परत त्याच कंपनीत लागली होती, दुसऱ्या शिफ्टला, आणि आता चाकणलाच राहायची, हे लाईनवरच्या एकीनं सांगितलं होतं. हायवेच्या कडेला एक म्हातारी पाटी घेऊन बसली होती. तिच्याकडून मी करवंदांचा एक द्रोण घेतला. एक तोंडात टाकलं. आंबट, तुरट, घशाला चिकटणारं. तीन आठवडे रोज प्यायलेली चव मला लगेच कळली.

कंपनीच्या बसच्या थांब्यावर ती उभी होती, निळ्या शर्टात, डब्याची पिशवी हातात. थोडी वाळली होती. मला बघून तिचा चेहरा आधी उजळला. ते मी बघितलं, तेवढं कुणी माझ्याकडून काढून घेऊ शकत नाही. मग तिनं तो आवरला.

"मॅडम! इकडं कुठं?"

"आक्का, झाकणं मी बदलायचे," मी एका दमात म्हटलं. दुसरं काही बोलले असते तर हे राहिलंच असतं.

"म्हाईत हाय."

"मग बोलली का नाहीस?"

"चव सांगायची न्हाई म्हणली हुती ना ती पोरगी." ती रस्त्याकडं बघत होती. "आन काय बोलायचं? तू घेतलंस तर घेतलंस. नुसतं मागितलं असतंस ना, तर आख्खं दिलं असतं गं."

"मी घेत नव्हते! देत होते, आक्का! मला वाटलं माझंच खरं आहे. गोड होतं म्हणून. तुझी शेवटची भरती होती म्हणून मी माझी बाटली तुला... आईशप्पथ!"

बोलता बोलता मलाच ऐकू आलं की हे कसं वाटतंय. नोकरी लागलेली बाई वर्षभरानं येते आणि सांगते, मी तुझं घेतलं नव्हतं, उलट तुला दिलं होतं. मी तिच्या जागी असते तर मीही विश्वास ठेवला नसता.

गाड्या जात होत्या, धूळ उडत होती. "त्या पोरीनं सांगितलं, फरक काही निघालाच नाही," मी उगाच म्हटलं.

"व्हय का," ती म्हणाली.

मला वाटत होतं, आता ती कान धरेल. आता म्हणेल, अर्क हायेस तू बये, आणि हसेल. मी लहान पोरासारखी त्याची वाट बघत उभी होते. तिची बस वळणावर दिसली. मी द्रोण पुढं केला. बोलायला तोंड उघडलं, कोंबडा का कोंबडी म्हणणार होते, पण द्रोणच आणखी पुढं सरकवला.

तिनं करवंदांकडं बघितलं. डोळे बारीक केले, तेच जुने. हात पुढं आला आणि द्रोणाच्या वर, हवेतच थांबला.

"घेऊ का?" तिनं विचारलं.